सोप्यातला कॅमेरा

ती घटना आठवायला मला जोर लावावा लागत नाही. जोर लावतो तो विसरायला, आणि तिथं माझं काही चालत नाही.

मी दहावी तिसऱ्या खेपेला पास झालो आणि शिपाई म्हणून भरती झालो. पुढं फौजदाराच्या खुर्चीपर्यंत आलो ते पुस्तकं वाचून नव्हे, माणसं वाचून. याचा मला अभिमान होता. नोकरीच्या अखेरीला तासगाव भागात होतो. त्या हंगामात बेदाण्याच्या शेडवर चोऱ्या सुरू झाल्या. बाया बेदाणा निवडून बॉक्स भरायच्या आणि सकाळी बॉक्स गायब. मी गावोगाव बैठका घेतल्या, शेडवर आणि मळ्यातल्या घरांवर कॅमेरे बसवून घेतले. कुणी कुरकुरला तर आवाज चढवला. चित्र मालकाच्या मोबाईलवर दिसायचं, आणि मोबाईलवरून बोललेलं कॅमेऱ्यातून ऐकू यायचं. चोऱ्या थांबल्या, वरिष्ठांनी पाठ थोपटली आणि माझी मान आणखी ताठ झाली.

मग एक दिवस एक द्राक्षबागायतदार ठाण्यात आला. वयानं माझ्याएवढा, गावात वजन असलेला. माझ्यासमोर मोबाईल धरला, पण स्वतः भिंतीकडं बघत राहिला.

"साहेब, गावाच्या ग्रुपवर आलंय. माझी सून हाय."

चित्र त्याच्याच घराच्या सोप्यातलं, पुढच्या बैठकीच्या खोलीतलं. मांडीवर तान्हं पोर, केस मोकळे, अंगात गाऊन. ती कॅमेऱ्याकडं बघून हसत म्हणते, "बगा की, तुमच्यावानीच जांभया देतंय." आणि कॅमेऱ्यातून पुरुषाचा खरखरीत आवाज येतो, "अजून जवळ ये की." ती जवळ येते.

"मुलगा मिल्ट्रीत ना तुमचा? त्याचाच आवाज असंल."

"त्येला फोन लावला. म्हणतोय, त्या वक्ताला मी ड्यूटीवर हुतो, आवाज माझा न्हाई. आणि ही म्हणती, मला वाटलं त्येच हायती, रोज कॅमेऱ्यातनंच बोलत्यात. कोण इश्वास ठेवणार? म्हसवडला म्हायेरी घालवली. तुमी त्या माणसाचं नाव तेवढं द्या, सोडचिठ्ठीचं मी बघतो."

पहिला जबाब तिचा घ्यायला हवा होता. म्हसवड काही परमुलुख नाही. पण सासऱ्यानं जे ठरवलं तेच मीही मनात धरलं. बाईचं बाहेर काहीतरी आहे, आता फक्त गडी शोधायचा.

गडी मला लगेच सापडला. सगळ्या भागात कॅमेरे बसवणारा मिस्त्री एकच, तासगावचा, वायरमनकी बापाकडून शिकलेला. सगळ्या घरांत त्याची ये-जा, पासवर्ड त्यानंच टाकलेले. त्याला उचलून आणला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर फरशीवर बसवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. त्याचा आवाज मोबाईलवर भरून घ्यायला लावला.

"म्हण, अजून जवळ ये की."

"साहेब, घरात बहिणी हायत्या मला. कसं म्हणू?"

"तिला म्हणताना लाज वाटली न्हाई व्हय रं?"

ठाण्यातली पोरं हसली. त्यानं म्हटलं. मी परत म्हणायला लावलं, मग हळू, मग लाडानं. एक शिपाई म्हणाला, "गड्या, नाटकात जा की तू." आवाज काही जुळेना. शेवटी तो म्हणाला, "साहेब, कॅमेऱ्यातच खोट हाय. म्या त्या टायमाला तुमाला..." आणि माझ्या पोरांकडं बघून थांबला.

"काय मला?"

"काय न्हाई."

बोलता बोलता गप्प होणारा माणूस काहीतरी लपवतो, हा माझा सगळ्या नोकरीतला ठोकताळा. तो खराच होता. काय लपवतोय ते मात्र मला कळलं नाही.

कॅमेरा पंचनामा करून जप्त केला आणि सांगलीला सायबरकडं पाठवला. काही दिवसांनी तिथल्या महिला हवालदारानं मला बोलावून घेतलं.

"साहेब, कॅमेऱ्यात फर्मवेअर असतं, म्हणजे त्याला चालवणारा आतला प्रोग्राम. या कंपनीच्या फर्मवेअरमध्ये कारखान्यातलाच एक पासवर्ड राहून गेलाय, सगळ्या कॅमेऱ्यांना एकच. मालकानं आपला कितीही बदलला तरी तो तसाच राहतो. ज्याला तो ठाऊक, तो घरबसल्या कुणाच्याही सोप्यात शिरतो. बघतो, बोलतोही."

"मग कंपनी झोपली होती काय?"

"नाही. भोक बुजवणारं अपडेट त्यांनी केव्हाच दिलंय. तुमच्या भागातले कॅमेरे इथून तपासले, एकातही ते भरलेलं नाही. का, ते तुमच्या मिस्त्रीला विचारा."

मला विचारायची गरज नव्हती. ऐन हंगामात तो माझ्याकडं आला होता. म्हणाला, "साहेब, कंपनीचं अपडेट आलंय. भरताना एकेक कॅमेरा बंद पडंल, परत मोबाईलला जोडाय लागंल. लय वेळ जाईल, पण भरलेलं बरं." मी म्हणालो होतो, "शेडवर माल हाय तवर एक कॅमेरा बंद पडता कामा न्हाई. चालतंय त्याला हात लावू नगंस." तो पुढं बोलू लागला तसा मी ओरडलो, "मला शिकवतूस व्हय रं?"

आवाजवाला सांगलीच्या विश्रामबागेत सापडला. भाड्याच्या खोलीत राहणारा, नोकरी शोधणारा तरुण. इंटरनेटवरून तो पासवर्ड मिळवला होता. आज हे घर, उद्या ते घर, असा बघत बसायचा. तिची-त्याची ओळख नाही की पाळख नाही. चित्र कुणाला तरी पाठवलं, ते फिरत फिरत तिच्याच गावात पोचलं. "गंमत केली," म्हणाला. त्याला अटक केली, लॅपटॉप मुद्देमालात जमा केला.

मिस्त्रीला विचारलं, "फरशीवर बसवला तवा बोलला का न्हाईस?"

"आवं, तुमच्या पोरांम्होरं तुमाला कसं तोंडावर पाडायचं?" एवढंच बोलला. त्या दिवसापासून मला बघितलं की रस्ता बदलतो.

मग म्हसवडला गेलो. तिच्या बापासमोर तिला सगळं सांगितलं, माझ्या हुकमासकट. तिनं पोराला खांद्यावर घेतलं आणि म्हणाली, "हे हितं कशाला सांगताय? हितं मला कुणी वाईट म्हणत न्हाई. जिथनं मला हाकललं, त्या सोप्यात सांगा. माणसं बोलवून सांगा."

माझ्यासारख्या माणसाला ते जड गेलं. दोन-तीनदा अर्ध्या वाटेतून गाडी फिरवली. शेवटी गेलो. शेजारपाजार जमवला, मिस्त्रीलाही निरोप धाडला. उभं राहून सांगितलं. सुनेची काही चूक नाही, मिस्त्रीची नाही, अपडेट मी अडवलं. वाटलं, आता तिचा सासरा मला दारातून बाहेर काढेल.

सासरा उठला, माझा हात धरून मला खुर्चीवर बसवलं. "आवं साहेब, चुकतंय माणूस. तुमच्या मनात काय पाप हुतं व्हय?" आणि आत बघून हाक मारली, "साहेबास्नी च्या टाका!" माणसं माना हलवायला लागली. मिस्त्री तेवढा दारात उभा होता, तसाच निघून गेला.

सून त्या घरात परत आली नाही. नवरा रजेवर आला आणि तिला घेऊन आपल्या क्वार्टरवर गेला.

या तपासानं मला फर्मवेअर शिकवलं असं लोकांना वाटतं. ते मला अजूनही नीट कळत नाही. कळलं ते दुसरंच. चुकून झालं, मनात पाप नव्हतं, हेच तीही त्याच सोप्यात सांगत होती, आणि तिचं खरं होतं; मी तर मिस्त्रीनं सांगूनही ऐकलं नव्हतं. तिला कुणी बस म्हटलं नाही. माझ्या हातात कपबशी आली. आणि मी ती घेतली, सगळ्यांसमोर चहा प्यालो.