सोनखत

वैशाख शुद्ध द्वितीया. उजाडायच्या आत वांगी तोडायची होती, कारण ऊन लागल्यावर तोडलेलं वांगं शहरात पोचेपर्यंत मलूल पडतं. एका सरीत मी आणि शेजारच्या सरीत सासूबाई. त्यांचं लक्ष वांग्यांत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. पितरांच्या नावानं नवी घागर भरायची, आणि ती घागर त्यांना स्वतः वाजवून घ्यायची होती.

"आज पाटी मी नेते," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, तुमचे गुडघे?"

"गुडघे माझे हायेत. तू दारं धर."

दारं धरायची म्हणजे मोटेचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचं. एरवी हे काम त्यांचं आणि शहराची फेरी माझी. सणाची पाटी होती, जड होती, पण घागरीपुढं त्यांनी ऐकलं नाही. भेंडी, गवार, कारली आणि वर वांगी रचून मी पाटी त्यांच्या डोक्यावर दिली आणि पाटाकडं गेले.

आमचा मळा छावणीच्या पलीकडं, वाळूजच्या वाटेला. एक विहीर, एक मोट, एक बैलजोडी, आणि मोटेनं भिजेल तेवढीच जमीन. भाजी बहुतेक शहरातल्या एकाच आळीत जायची. ती आळी सोवळ्याची. भाजी कुठून आली, कुणाच्या हातची, हे विचारून घेणारी. सासूबाईंनी उमेदीच्या वर्षांत ते गिऱ्हाईक बांधलं होतं आणि मी ते पुढं चालवत होते. चवीला आमची भाजी उजवी होती, हे मी कौतुकानं सांगत नाही. पिकं निघाली की आम्ही धनगराला बोलावून मोकळ्या रानात मेंढरं बसवायचो. रात्रभर मेंढरं बसत, सकाळी रान लेंड्यांनी काळं दिसे. ते नांगरून घ्यायचं, वर उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत टाकायचं. किडीला राख आणि आंबट ताक. बाकी काही नाही.

सासूबाई दुपारी परतल्या. काखेत नवी घागर, डोक्यावर अर्धी भरलेली पाटी.

"एवढी कशी उरली? सणाची भाजी!"

"बायांना गडबड व्हती. पुरणाची डाळ शिजत घातलेली. उद्या तू जा."

दुसऱ्या दिवशी, आखितीच्या सकाळी, मी ताजा माल घेऊन गेले. पहिल्या घरातून लहान मुलगी आली, "आई नको म्हणते," एवढं बोलून पळाली. दुसऱ्या घराचं दार मला पाहून लागलं. तिसऱ्या घरी हाक मारली, तर आतलं बोलणं थांबलं आणि कुणी बाहेर आलं नाही. कोपऱ्यावरच्या घरच्या काकू मात्र पायरीवर आल्या. माझ्याकडून सगळ्यांत जास्त भाजी त्याच घ्यायच्या. आज त्यांनी पदर आवरून धरला होता.

"खाली ठेवू नकोस पाटी. इथं नको."

"काकू, झालं काय?"

"काल घेतलेली सगळी भाजी गाईपुढं टाकली. पितरांच्या पानावर वाढणार होते मी! बरं झालं, आधी कळलं."

"काय कळलं?"

"आता मलाच विचार! तुझी सासू सांगून गेली की, मळ्यात सोनखत घालतो म्हणून. वर हसत होती."

मला पायाखालची फरशी तापल्यासारखी वाटली. ती तापलेली होतीच म्हणा. सोनखत म्हणजे माणसाचा मैला. शहराच्या कडेच्या काही मळ्यांत तो पडायचा, सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. आमच्या मळ्यात तो कधी आला नव्हता.

मी काकूंना सगळं सांगितलं. धनगर, मेंढरं, लेंड्या. त्यांनी ऐकून घेतलं. त्या वाईट बाई नव्हत्या.

"असेल गं. तुझं खरंही असेल. पण एकदा मनात आलं ना, की घास खाली उतरत नाही. त्याला तू काय करणार आणि मी काय करणार?"

त्यांनी आरोप केला असता तर मी भांडले असते. मी पाटी सावरली आणि घराकडं वळले.

घरी आले तेव्हा सासूबाई नव्या घागरीच्या गळ्याला सूत गुंडाळत होत्या.

"आत्याबाई, परवा कोपऱ्यावरच्या काकूंशी काय बोललात?"

"परवा कुठं, कालच की. भेंडी लई कवळी हाय म्हणली, काय घालता गं? म्हणलं, सोनखत."

"तिथं हा शब्द कशाला काढलात?"

"कशाला म्हंजी? माझ्या माहेरी मेंढराच्या खताला सोनखतच म्हणत्यात. सोन्यावाणी खत, म्हणून सोनखत."

"आणि माणसाच्या?"

"त्याचं नाव कशाला घ्यावं माणसानं?"

"इथं त्यालाच सोनखत म्हणतात."

त्यांचा हात सुतावर थांबला. मग म्हणाल्या, "मग ह्यांचा शब्द चुकीचा हाय."

घरात हा शब्द त्यांच्या तोंडून मी कितीदा तरी ऐकला होता. घरात तो खटकत नसे, कारण खत डोळ्यांसमोर पडलेलं असे.

संध्याकाळी आमचे मालक बैल सोडून आले. मी झालेलं सांगितलं. ते आईशेजारी टेकले. कडब्याच्या गंजीकडं बघत राहिले. त्या उन्हाळ्यात गंजी लवकर खाली आली होती. भाजी विकून कडबा आणायचा, कडब्यावर बैल जगवायचे, बैलांनी मोट ओढायची आणि मोटेवर भाजी पिकवायची, असं ते चाक होतं. वैशाखात वाफ्याला पाण्याचा खंड पडला की वांगी माना टाकतात.

"लासूर स्टेशनच्या बाजारापर्यंत बघू," ते म्हणाले.

म्हणजे तोवर आळी उघडली नाही तर बैल बाजारात उभे राहणार.

मी रोज जात होते. दारात उभी राहत होते, सांगत होते. एका सकाळी सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. मी नको नको म्हणत असताना आळीच्या मधोमध उभ्या राहून ओरडल्या, "अवं बायांनो, लेंड्या हायेत त्या, लेंड्या! मेंढराच्या!"

वरच्या खिडकीतून कुणीतरी हसलं. "बघा, आता मेंढरांचं सांगत्येय. त्या दिवशी म्हणे सोनं!"

"अगं, सोन्यावाणी म्हणले मी, सटवे!"

"चला," मी म्हणाले आणि त्यांचा दंड धरून वळवलं. काकूंच्या दारावरून जाताना दार बंदच होतं.

मग पाटी घेऊन मी मुसलमान मोहल्ल्यात गेले. तिथल्या एक आपा आमचा पुदिना आणि अंबाडी अधूनमधून घ्यायच्या. त्यांनी दारावरच्या काड्यांच्या चिकाच्या पडद्याआडूनच पुदिन्याची जुडी हातात घेतली, वास घेतला आणि परत दिली.

"तुम झूट नै बोलते, बाई. पन दिल नै मानता."

बातमी माझ्याआधी चालत पोचली होती. आणि उत्तर काकूंचंच होतं, फक्त दुसऱ्या भाषेत.

राहिली शहागंजची मंडई. तिथं कोणी काही विचारत नाही. व्यापाऱ्यानं पाटी ओतून घेतली आणि जनावराला टाकायच्या भावात माल उचलला. शेजारचा ढीग ज्यांचा होता, त्या मळेवाल्यांना मी ओळखत होते. त्यांच्याकडं खरंच तेच खत पडायचं. त्यांची भाजी हातोहात जात होती. मी रिकामी पाटी झटकत होते, तेवढ्यात काकूंच्या घरची मोलकरीण आली. तिनं दोन्ही ढीग चाचपले आणि आमच्या ढिगातली वांगी निवडून घेतली. आमचं वांगं काटेरी देठाचं, अंगावर पांढऱ्या रेघा असलेलं, लपत नाही. ती मला पाहून ओशाळली नाही, कारण तिनं मला पाहिलंच नाही. मी पाटी डोक्याला लावली आणि तोंड दुसरीकडं केलं. हाक मारून सांगावंसं वाटलं होतं, की बाई, ही तीच वांगी. सांगितलं असतं तर व्यापाऱ्यानं दुसऱ्या दिवशी आमची पाटी ओतून घेतली नसती.

त्या भावात कडबा येत नव्हता. मी निरनिराळे हिशेब करून पाहिले. काकूंच्या घरी आमचीच वांगी शिजत होती आणि आमचे बैल काड्या चघळत होते.

लासूरच्या बाजाराच्या दिवशी मालक पहाटे जोडी घेऊन निघाले. सासूबाईंनी बैलांच्या कपाळाला हळद लावली, पायावर पाणी घातलं. मी त्या वेळी चुलीशी होते, उठले नाही. उठून काही फरक पडणार नव्हता. मालक अंधार पडता पडता परत आले. खांद्यावर दोन दावी होती. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत आमच्याकडं. त्यांनी दावी खुंटीला अडकवली आणि न जेवता पडून राहिले. मी एकदा म्हणाले, "थोडं खाऊन घ्या." ते म्हणाले, "मोटेचा नाडा काढून ठेव. उन्हानं तुटंल." आता मोटच चालणार नव्हती, तरी मी तो दोर काढून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मळ्यात गेले. हातानं पोहरा ओढून किती वाफे भिजतील, ते बघितलं. भेंडीचा एक वाफा, आणि बियाला राखलेलं, चिंधी बांधलेलं वांग्याचं एक झाड. बाकीचं सगळं जळणार होतं. उभं जळताना बघण्यापेक्षा हिरवं असताना काढलेलं बरं. निदान त्याचं काही होईल. मी पहिल्या सरीपासून वांगी उपटायला सुरुवात केली. झाडांना फुलं होती. मुळांना काळी, भुसभुशीत माती चिकटून येत होती. त्या मातीत अजून लेंड्यांचा चुरा दिसत होता.

सासूबाई आल्या, गुडघे धरून शेजारच्या सरीत बसल्या आणि उपटू लागल्या. मी त्यांना थांबवलं नाही.

"उकिरड्यावर टाक समदं," त्या म्हणाल्या. "पावसाळ्यापातुर चांगलं सो..."

तिथंच थांबल्या.

"खत हुईल," त्या म्हणाल्या.

"व्हय," मी म्हणाले आणि दुसरी सरी धरली.