टर्बोची शिट्टी ऐकून गप्प बसलो होतो

मंडळी, घाईत लिहितोय.

महिनाभर माझ्या डिझेल गाडीतून बारीक शिट्टी येत होती. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो आहे, वाजणारच, असं धरून चाललो. आज पिंपळीत रफिकभाईंच्या गॅरेजला दाखवली. त्यांनी पाइप काढून टर्बोचा पंखा बोटानं हलवला. तो लटपटत होता. ऑइल डांबरासारखं काळं झालेलं.

मी म्हणालो, "सिंथेटिक ऑइल हाय, दहा हजार किलोमीटर चालतं. माझे सहा हजारच झालेत."

रफिकभाईंनी विचारलं, "ट्रॅक्टरचं ऑइल कशावर बदलता तुमी?"

"इंजिन किती तास चाललं, त्यावर."

"मग हिचं निस्तं किलोमीटरवर कसं? रोज कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या ट्रॉल्यांमागं तास-तास रांगता. किलोमीटर वाढत न्हायत, ऑइल मात्र मरतंय, अन् त्याच ऑइलवर फिरणारा टर्बो झिजतोय. टर्बो फुटला, की इंजिन आपलंच ऑइल पिऊन पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत न्हाय."

धाकट्या भावाची गाडीही याच मॉडेलची, रोजचा रस्ताही हाच. परवा हसत म्हणाला होता, "दादा, माझी पण शिट्टी मारायला लागली."

तो सकाळीच पोरांना घेऊन इंदापूरला निघालाय. फोन उचलत नाही.

आत्ता इंदापूरच्या रस्त्याला कुणी आहे का? पांढरी गाडी, मागच्या काचेवर 'आबांची कृपा' लिहिलंय. हात करून थांबवा. चावीनं बंद होतेय तोवर.