द्राक्षासवाच्या बाटलीतलं बोर्दो

काळजी करायला मला कारण लागत नाही. गॅस बंद केला की नाही हे बघायला द्वारका चौकातून रिक्षा परत फिरवणारी मी बाई. अशा बाईने फ्रेंच वाइनच्या नादी लागूच नये. पण लागले खरी.

पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये मी निर्यातीच्या द्राक्षांची कागदपत्रं बघते. फ्रान्सहून आलेल्या एका खरेदीदाराने जाताना बोर्दो वाइनची एक बाटली हातात ठेवली. नवऱ्याने घोटभर घेऊन तोंड वाकडं केलं. मला मात्र तिच्यात जांभळाची साल लागली, ओली माती लागली, आणि छाटणीनंतर माहेरच्या बागेत येतो तो वास आला. मग मी वाचतच सुटले. बर्गंडीच्या मठांमधले संन्यासी एकाच टेकडीवरच्या शेजारशेजारच्या बागांची वाइन वेगवेगळी ठेवायचे. पुढे मुळं खाणाऱ्या एका इवल्याशा किडीने फ्रान्सभरच्या बागा वाळवल्या, तेव्हा अमेरिकेतल्या रानवेलींच्या खुंटावर कलमं बांधून त्या वाचवाव्या लागल्या. ते वाचताना मला रडू आलं. माझे वडीलही रानवेलीच्या खुंटावरच कलम बांधायचे, आणि ते धरेपर्यंत त्यांना जेवण गोड लागायचं नाही.

हे सगळं, अधूनमधून विकत आणलेली बोर्दोची एखादी बाटलीसुद्धा, चोरून चाललं होतं. पंचवटीतल्या आमच्या घरात सासूबाई आहेत आणि त्यांच्या गळ्यात चाळीस वर्षं तुळशीची माळ आहे. दारू पिणाऱ्याच्या हातचं त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. माझ्या हातचं रोज जेवतात. पोळी वाढताना माझ्या मनात ते यायचं, आणि मी घाईघाईने भाजी वाढायला घ्यायची.

उघडलेली वाइन हवेने बिघडते, म्हणून उरलेली लहान बाटलीत काठोकाठ भरून ठेवावी, असं मी वाचलं होतं. घरात तशी बाटली एकच होती, आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, द्राक्षासवाची, रिकामी झालेली. अशक्तपणावर वैद्यांनी दिलेलं हे द्राक्षांचं औषध त्या दुपारच्या जेवणानंतर दोन चमचे घेतात. मी बाटली धुतली, भरली आणि फ्रिजमध्ये भाज्यांच्या मागे दडवली. लेबल तसंच ठेवलं, म्हणजे कुणाला संशय नको. स्वतःच्या हुशारीवर खूशही झाले.

पुढच्या रविवारी जेवणं झाल्यावर आई चमचा धुताना म्हणाल्या, "ह्या खेपेचं औषध लय तुरट हाय गं. कपाटातलं संपलं व्हतं, तर फ्रिजात सापडली बाटली. तीन दिस झाले घेती. झोप बी चांगली लागती."

मी तशीच उठले. नवऱ्याला गच्चीवर नेऊन सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. तिला कळणार नाही, काही नाही." संध्याकाळपर्यंत मी गप्प बसले. बाटली ओतून टाकली, दोनदा घासली, तरी हाताला तोच वास येतोय असं वाटत राहिलं. संध्याकाळी देवापुढे दिवा लावून त्या जपाला बसल्या, तेव्हा मात्र मला राहवेना.

"आई, ते औषध नव्हतं. माझी दारू होती."

वाइन हा शब्द तोंडातून निघालाच नाही. ते मठ, त्या टेकड्या, सगळं त्या एका शब्दात बुडालं.

त्यांनी माळ मुठीत धरली. म्हणाल्या, "म्या औषध म्हणून घेतलं. देवाला ते कळतंय." मग माझ्याकडे न बघताच, "पन तू इतके दिस मला वाढत व्हतीस, तवा बोलली नाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपास केला. मीही जेवले नाही. तिसऱ्या दिवशी त्या पाटावर येऊन बसल्या, मी वाढलेलं जेवल्या, मीठ कमी आहे म्हणाल्या. सुटले, असं मला वाटलं.

मी नवं द्राक्षासव आणलं. सील त्यांनी स्वतः फोडलं. वाइन आधी हुंगायची आणि मग तोंडाला लावायची, हे मी पुस्तकातून शिकले. आई ते माझ्यामुळे शिकल्या. रोज दुपारी झाकण काढून त्या बाटली नाकाशी नेतात, थांबतात, आणि मगच दोन चमचे ओततात. तेवढा वेळ मी ओट्याशी उभी असते.