अकरा दिवसांचं हवामान

पाराबाई थकल्या होत्या. आजच्या नव्हे, चांगल्या तीस वर्षांच्या. रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला अंगणातल्या पांढऱ्या लाकडी पेटीचं दार उघडायचं, आतल्या तापमापकांचे आकडे वाचायचे, पर्जन्यमापकात पाणी असेल तर मोजायचं आणि सगळं वहीत लिहायचं. हवामान केंद्रानं राहायला अंगणाच्या कडेलाच दोन खोल्या दिलेल्या, म्हणजे सुटका कुठेच नाही. पारा बघता बघता खरं नाव मागे पडलं आणि बाई पाराबाई झाल्या. स्वभावही नावाला शोभेल असाच, असं त्यांची लेक म्हणायची, पण जरा लांब उभी राहून.

आणि आता गुडघे कुरकुरायला लागल्यावर शाळा!

साहेब वयानं लेकीएवढे. ते म्हणाले, "बाई, सहा महिन्यांत मशीन बसतंय. आकडे आपोआप जातील. इंटरनेटवर हवामानाचं ट्रेनिंग आहे, फुकट. पास झालात तर मशीनवर तुम्ही. नाहीतर आवक-जावकमध्ये बसून पत्रांवर शिक्के मारा."

फुकट म्हणे! पैसे नाही लागले तरी डोळे लागतात, पाठ लागते, गॅसवरचं दूध उतू जातं त्याचं काय? पण तीस वर्षं ज्या अंगणात काढली ते सोडून शिक्के मारायचे, हे पाराबाईंना मुळीच पटेना. लेकीच्या जुन्या लॅपटॉपपुढे मान मोडून त्यांनी धडे संपवले. ढग, वारे, उपग्रहाची चित्रं, नद्यांचे पूर. भूकंपाच्या धड्यावर चिडल्या, "जमिनीखालचं मला काय करायचंय?" पण तोही केला.

"आई, मला कधी इतके मार्क पडले नाहीत," लेक म्हणाली.

"माझ्यावर गेली असतीस तर पडले असते."

शेवटचा धडा जुन्या नोंदी तपासण्याचा होता. आपल्या केंद्राचा नीट आठवणारा एक महिना घ्या, संशयास्पद आकडे शोधा, कारण लिहा. उत्तराची एक प्रत साहेबांकडे जाणार होती.

नीट आठवणारा महिना पाराबाईंना एकच होता, बारा वर्षांपूर्वीचा. बाकीचे सगळे एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. नवरा तेव्हा दुसऱ्या गावच्या दवाखान्यात होता. पाराबाईंनी बदली माणूस मागितला. ऑफिस "बघतो" म्हणालं आणि बघतच राहिलं. वहीतला एक दिवस जरी कोरा राहिला तरी जाब द्यावा लागे. मग त्यांनी अकरा दिवसांचे आकडे मनानंच लिहिले, दहा दिवसांचे दवाखान्यातल्या बाकावर बसून आणि अकराव्याचे घरी.

धड्यात म्हटलं होतं, हवा कधी इतकी शहाण्यासारखी वागत नाही. आकडे रोज शून्यावर नाहीतर पाचावर संपत असतील, तर संशय लिहिणाऱ्यावर घ्या. पाराबाईंनी वही उघडली. अकराच्या अकरा दिवस तसेच. इतकी लाज वाटली की खोलीत कोणी नाही ना, ते त्यांनी मागे वळून पाहिलं.

लेक होती, चहा घेऊन उभी. तिनं अकराव्या दिवसावर बोट ठेवलं. "बाबांना शेवटचं घरी आणलं तो दिवस ना हा? मग पाऊस शून्य कसा? गेटपासून दारापर्यंत मी त्यांच्यावर छत्री धरली होती. आता कशाला छत्री, असं कोणीतरी म्हणालं, तरी धरली."

त्या दिवशी पाच वाजता पाराबाई पर्जन्यमापकापासून दहा पावलांवर बसल्या होत्या. उठल्या नाहीत. शून्य लिहून वही मिटली होती.

"दुसरा महिना घे," लेक हळूच म्हणाली. "कोणाला कळतंय? हे साहेबांनी वाचलं तर मशीन गेलंच हातचं."

"मला कळलंय ना. झालं तेवढं."

एकेक करून त्यांनी लॅपटॉपवरच्या तक्त्यातले अकरा दिवसांचे आकडे खोडले. न मोजलेल्या जागी शून्य लिहायचं नाही, 'नोंद नाही' असं लिहायचं, हे धड्यानंच शिकवलं होतं. शून्य म्हणजे पाहिलं आणि काही नव्हतं. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'निरीक्षक जागेवर नव्हती. निरीक्षक मीच.' शेवटच्या, अकराव्या दिवसाच्या ओळीत लिहिलं, 'पाऊस होता. मोजला नाही. मुलीनं पाहिला.' आणि पाठवून दिलं.

"आता मार शिक्के," लेक रडवेली होऊन म्हणाली.

"मारीन. तिथल्या खुर्चीला गादी आहे म्हणे."

पाच वाजत आले होते. आभाळ स्वच्छ होतं, आठवडाभर थेंब नव्हता. गुडघे नको म्हणत होते. तरी पाराबाई भिंतीला धरून उठल्या, अंगणात गेल्या, पर्जन्यमापक उघडून आतली बाटली डोळ्यांजवळ धरली. ठणठणीत कोरडी. मग त्यांनी वहीत शून्य लिहिलं.