आत्याला मिळालेलं भाषांचं दान

आमच्या वसईच्या भुईगावात पवित्र आत्मा दर गुरुवारी संध्याकाळी साडेपाचला यायचा. शाळेच्या हॉलमध्ये, बाकं भिंतीला लावून झाली की. सत्तरीचं दशक संपत आलं होतं. मुंबईहून कोणी मंडळी येऊन सात आठवड्यांचं शिबिर घेऊन गेली, तेव्हापासून ही प्रार्थनासभा भरू लागली आणि गावात दानांचा नुसता सुकाळ झाला. ज्यांनी जन्मात शेजाऱ्याला केळ्याची फणी फुकट दिली नव्हती, त्यांनाही वरून दानं मिळू लागली. कुणाला रोग बरे करण्याचं, कुणाला भविष्य सांगण्याचं. भाषांचं दान तर गोवराच्या साथीसारखं घरोघर फिरलं. डोळे मिटायचे, हात वर करायचे आणि जिभेवर येईल ते मोठ्यानं बोलायचं. ती भाषा बोलणाऱ्याला कळत नाही, फक्त देवाला कळते.

पण एकट्या देवाला कळून कसं चालेल? अर्थ सांगणारा हवा, असं शास्त्रातच आहे. हे दान आमच्या सभेच्या पुढाऱ्यांना मिळालं होतं. ते रेल्वेतून निवृत्त झालेले साहेब. त्यांच्या तोंडून देव अगदी सरकारी मराठी बोलायचा. कोणी बाई दहा मिनिटं घामाघूम होऊन काहीबाही बोलली की साहेब डोळे मिटून अर्थ सांगत, 'माझ्या लेकरांनो, सभेस वेळेवर उपस्थित राहा.' एकदा तर हॉलसाठी दोन पंखे अर्पण करा, असा अर्थ निघाला. देवाला आमच्या उकाड्याची फार काळजी.

मी बावीस वर्षांचा होतो, नुकताच बँकेत चिकटलो होतो. वडील वारलेले, मी एकुलता एक. आईला आणि आत्याला सभेला पोचवायचो आणि मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात दात काढायचो. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बोळिंजला दिलेली, पण लग्नाला चार वर्षं होतात तोच विधवा होऊन परत आली आणि आमच्याच घरी राहिली. मोजकं बोलणारी बाई. तरुणपणी चर्चमध्ये मात्र तिचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा म्हणे, कारण तेव्हा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, लॅटिनमध्ये असायची आणि ती सगळी तिला तोंडपाठ. पुढे मिस्सा मराठीत आली. लोक खूश झाले, आपल्याला कळायला लागलं म्हणाले. आत्या गप्प झाली.

अशी ही आत्या एका गुरुवारी, सगळ्यांचा गलका चालू असताना, मोठ्यानं बोलायला लागली. भरभर, एका सुरात, श्वास न घेता. आजूबाजूचे थबकले. 'मिळालं! मिळालं!' कोणीतरी ओरडलं. आई रडायला लागली.

मला कसलं रडू येतंय! ती चक्क लॅटिन होती. इतक्या वर्षांत घासून घासून तिचे कंगोरे झिजले होते, पण मी लहानपणी वेदीवर सेवा केलेली, मी ओळखली. मयताच्या पेटीपाशी म्हणायची प्रार्थना. तिच्यापायी शाळा बुडवायला मिळायची, म्हणून माझ्या आवडीची. हॉलमधली पोरं तर मराठी मिस्सातच वाढलेली आणि म्हाताऱ्यांना हा प्रकार मुळात पसंत नव्हता, ते घरीच. आई लॅटिन मिस्सा चालू असताना आपली जपमाळ ओढत बसायची, शब्द तिच्या कानाला कधी लागलेच नाहीत. साहेबांना तरी ओळखू यायला हवी होती. पण साहेबांनी तरुणपणातल्या सगळ्या मिस्सा चर्चबाहेर चिंचेखाली उभं राहून ऐकलेल्या. त्यांनी मयताच्या प्रार्थनेचा अर्थ सांगितला, 'तिसरा पंखाही आवश्यक आहे.'

मी कुणाला काही बोललो नाही. इतकी फुकट करमणूक कोण सोडतो? दोन महिने दर गुरुवारी आत्या मयताची प्रार्थना म्हणायची, साहेब तिच्यातून सभेची कामं काढायचे आणि मी खिशातला रुमाल तोंडात कोंबायचो.

मग एका गुरुवारी साहेबांनी अर्थ सांगितला, 'प्रभू या भगिनीच्या घरातून एक मुलगा मागत आहे.'

आमच्या घरात मुलगा एकच. मी तोंडातला रुमाल काढला. आईनं तिथल्या तिथे गुडघे टेकले. प्रभूनं मुलगा मागितला म्हणजे तो फादर व्हायचा आणि घरात फादर म्हणजे आमच्या वसईत केवढा मान, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. नालासोपाऱ्याला शिकवणाऱ्या एका मुलीशी माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. ती मला मनापासून आवडत होती. दुसऱ्याच दिवशी आईनं तिच्या घरी निरोप धाडला, सध्या थांबा. आणि सेमिनरीत, फादर घडवतात तिथे, कुणाला भेटायचं याची चौकशी सुरू केली. मी भांडलो, जेवलो नाही. आई म्हणाली, 'देवाशी भांडतोस?'

मी आत्याला गाठलं. ती ओट्यावर केळफूल सोलत बसली होती.

'आत्या, ती लॅटिन आहे. मयताची. मला पाठ आहे.'

'ठाऊक हाय मना,' ती म्हणाली.

'मग त्यांना सांग ना! तुझ्या नावावर तो माणूस माझं आयुष्य मोडतोय.'

'सांगितलं तर मना तिथं परत बोलू देतील?'

मी चिडलो होतो. म्हणालो, 'दर गुरुवारी मयताची प्रार्थना! मेलंय कोण एवढं?'

ती सोललेलं केळफूल उचलून आत गेली. मला वाटलं, बरं सुनावलं.

पुढच्या गुरुवारी गलका सुरू होण्याआधीच आत्या उठून उभी राहिली. हात वर न करता, डोळे उघडे ठेवून.

'मी बोलते ती देवानं दिलेली भाषा नाय,' ती म्हणाली. 'जुनी लॅटिन हाय, मयताची. माझा पोरगा जल्मला आणि घटकाभरात गेला. बाप्तिस्मा नव्हता झाला, म्हणून फादरनी त्याच्यावर ती म्हटली नाय. दफनभूमीत पण घेतला नाय. मग मीच म्हणते. घरी मनात म्हणते. इथं सगळे ओरडतात, कोण कुणाला विचारत नाय, म्हणून मोठ्यानं म्हटली.' मग ती साहेबांकडे वळली. 'देवाला आमच्या घरातला मुलगा पायजे म्हणता. एक कवाच दिलाय त्याला.'

साहेबांना अर्थ सुचला नाही. पोरी एकमेकींकडे बघत होत्या आणि मला रुमाल सापडत नव्हता. मला माझी लाज वाटली, अजून वाटते. त्या हॉलमध्ये तिची भाषा कळणारा मी एकटा होतो आणि दोन महिने मीच हसत होतो.

आई उठली आणि आत्याच्या शेजारी जाऊन बसली. पंचवीस वर्षं दोघी एका चुलीवर रांधत होत्या. बोळिंजला एक मूल होऊन गेलंय, एवढं आईला माहीत होतं. पुढचं तिनं कधी विचारलं नव्हतं.

'नाव काय ठेवलं होतं?' आईनं हळूच विचारलं.

'नाव बाप्तिस्म्याला ठेवतात ना,' आत्या म्हणाली.