गौर रिक्षात बसत नाही

आमच्याकडे रस्ता ओलांडायला हात केला की रिक्षा थांबते. थांबवायच्या असतात गाड्या, पण थांबते फक्त रिक्षा. ड्रायव्हर मान बाहेर काढून विचारतो, "कुठं मावशी?" मी म्हणते, "समोर." तो समोर बघतो. समोर दुभाजक, त्याच्यापलीकडे तेवढाच रुंद दुसरा रस्ता आणि त्याच्या काठावर माझ्या बहिणीची बिल्डिंग. तो पुन्हा माझ्याकडे बघतो, बाई शुद्धीवर आहे याची खात्री करतो आणि शिवी गिळून निघून जातो.

ही माझी बहीण म्हणजे आक्का. सख्खी मोठी बहीण आणि सख्खी मोठी जाऊसुद्धा, कारण साताऱ्याकडच्या एकाच घरात दोघी दिलेल्या. आमचे नवरे मार्केटात माथाडी, पाठीवर गोणी वाहणारे. दोघा भावांनी जुईनगरला घरं घेतली तेव्हा एकाला रस्त्याच्या अलीकडे मिळालं, एकाला पलीकडे. तेव्हा आम्हाला वाटलं, काय मोठं अंतर आहे? हाक मारली की ऐकू जाईल. आणि जायचीही. मग रस्ता रुंद झाला, गाड्या वाढल्या, आणि हाक मधल्या मधे हॉर्नखाली चिरडून मरायला लागली. आता मी गॅलरीत उभी राहून तिच्या गॅलरीत वाळत घातलेली साडी ओळखते आणि ती साडी कुठल्या लग्नातली हे फोनवर विचारते.

आमच्या दोन घरांमध्ये पांढरे पट्टे आहेत. त्याला झेब्रा म्हणतात हे आक्काला तिच्या मुलानं सांगितलं. मग तो प्राणी कसा असतो तेही मोबाइलवर दाखवलं. आक्का म्हणाली, "हे तर पट्ट्याचं गाढाव! आन् मग ह्या रस्त्यावरची गाढवं गाडीत बसून का फिरत्यात?" तेव्हापासून आमच्या घरात भरधाव जाणाऱ्या माणसाला तेच नाव पडलं.

त्यातल्याच एकानं तिला पाडलं. ती माझ्याकडे सांडग्यांचा डबा घेऊन येत होती. घाई नाही, गडबड नाही, अगदी पट्ट्यांवरून. एक कारवाला भला निघाला, थांबला. त्यानं हातानं "जा" अशी खूण केली म्हणून ती निघाली, तर त्या थांबलेल्या कारच्या बगलेतून एक मोटारसायकल आली. त्यावरच्या बाबाच्या खांद्यात आणि कानात मोबाइल दाबलेला. आक्का पडली, उजवं मनगट मोडलं, सांडगे रस्ताभर झाले. आणि तो गाडीवरून न उतरता काय म्हणाला? "ओ आजी, बघून चालायचं ना!"

मनगट जुळलं. ते वाक्य मात्र तिच्या आत कुठंतरी मोडकंच राहिलं. ज्या बाईनं गावाकडे बिथरलेल्या खोंडाची वेसण धरून त्याला गोठ्यात आणलं होतं, ती बाई गेटपर्यंत यायची आणि पट्टे बघून माघारी फिरायची. मी आणायला गेले तर म्हणायची, "तू जा गं. माझं पाऊलच उचलत न्हाई बघ." मी चिडायचे. तिच्यावर नाही, पण राग निघायचा तिच्यावरच.

घरच्या पुरुषांनी तोडगा काढला: रिक्षा करायची. तिच्या गेटवरून बसायचं, पुलाखाली जाऊन यू-टर्न मारायचा आणि माझ्या गेटवर उतरायचं. समोरच्या दारात जायला एवढी प्रदक्षिणा! एकदा ती तशी आली. माझ्या सोफ्याच्या टोकावर पदर सावरून बसली, चहा घेतला, घड्याळ बघितलं आणि रिक्षा मिळेल ना म्हणाली. माझी आक्का माझ्या घरात पाहुणी झाली होती. पूर्वी ती यायची ती थेट स्वयंपाकघरात, झाकण उघडून, "मीठ घातलंस का?" विचारत. त्यानंतर ती आलीच नाही आणि मीही रिक्षानं ये म्हणाले नाही.

आता गौरींचं सांगायला हवं, कारण सगळं त्यांच्यावरच येऊन ठेपलं. आमच्या घरचे पितळी मुखवटे दोन, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. सासूबाईंनी घालून दिलेली पद्धत अशी की गौरी एक वर्ष थोरल्या सुनेकडे बसतील, एक वर्ष धाकटीकडे. ज्येष्ठा थोरलीनं आणायची, कनिष्ठा धाकटीनं, आणि दोघी पायी चालत यायच्या. गौर माहेरवाशीण, ती आपल्या पावलांनी घरात येते. कुंकवाची पावलं काढायची ती काय उगाच?

आक्का पडल्यापासून माझी पाळी आली तशी गेली. "औंदा माझ्याकडंच राहूंदेत," ती म्हणाली, आणि मी बरं म्हणाले. पुढच्या वर्षी तिचीच पाळी. आणि यंदा पुन्हा माझी आली तेव्हा दोघा भावांनी बसून ठरवूनच टाकलं, आता गौरी कायमच्या थोरल्याकडे. कशाला दगदग? माझे मालक तर म्हणाले, "जेवायला तिकडं जाऊ की आपण." जणू प्रश्न पुरणपोळीचा होता.

मी त्या दिवशी भांडी आपटत घासली. मला पक्कं दिसत होतं, गौरी कायमच्या तिकडं राहिल्या की आक्काला या बाजूला यायचं कारणच संपलं. मग फोन आणि गॅलरी. आणि एक दिवस दोरीवर साडी दिसायची नाही. मी तडक पलीकडे गेले आणि तिला म्हणाले, "गौरी माझ्याकडं येणार. तू आणणार. मी रस्ता थांबवते."

"कशी थांबवशील?"

"हात करून."

कारण एव्हाना मला माझ्या हाताची किंमत कळली होती. झालं असं होतं की एकदा भाजी घेऊन येताना मी नेहमीसारखा हात केला आणि रिक्षा थांबली. तिच्यामागे सगळ्यांनाच करकचून ब्रेक मारावा लागला, आणि "कुठं?" हा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी तिच्या पुढून निघाले. तो रिक्षावाला इथल्याच गावचा आगरी. मागून ओरडला, "मावशे, बसाचा नव्हता त हात कनाला केलास?" मी वळून म्हणाले, "हात रस्त्याला केला!" तेवढा अर्धा रस्ता मी राणीसारखी चालले. मग मी तो धंदाच धरला. सिग्नल तर कायमचा पिवळा मिचकावत असतो. पट्टे मध्यंतरी कुणीतरी नव्यानं रंगवून दिले, त्यामुळे गाड्यांना उभं राहायला स्वच्छ जागा झाली एवढंच. रिक्षा मात्र गिऱ्हाईक दिसलं की थांबणार म्हणजे थांबणारच. लोभासारखा ब्रेक नाही.

फक्त एक गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. रिक्षावाल्यांनाही डोळे असतात आणि नाक्यावर ते एकमेकांशी बोलतात.

गौरी यायच्या दिवशी दुपारी आम्ही तिच्या गेटबाहेर उभ्या राहिलो. आक्काच्या हातात सुपात तांदळावर ज्येष्ठा, माझ्या हातात कनिष्ठा, डोक्यावरून पदर, आणि मागे आक्काची सून पितळी थाळी आणि उलथनं घेऊन. आक्का मला चिकटून उभी. मी सूप काखेत सावरलं आणि हात केला.

पहिला रिक्षावाला माझ्याकडे बघून हसला आणि बाजूनं निघून गेला. दुसऱ्यानं तर हात जोडले. तिसरा ओरडून म्हणाला, "ए, ती बसत नाय!" गेलाच. मी हात हलवत राहिले, अगदी वेड्यासारखी. गाड्या सुसाट. एक कार तर पट्ट्यांवरच येऊन क्षणभर थबकली आणि आम्हीच तिच्या वाटेत असल्यासारखा हॉर्न मारून पुढे गेली. आक्काच्या सुपातून तांदूळ सांडत होते.

"चल माघारी," ती म्हणाली. "देवीला दिसतंय गं सगळं. ती काय रागावायची न्हाई."

माझं रडू फुटायच्या बेतात होतं. माझी सगळी फुशारकी त्या फुटपाथवर उघडी पडली होती. मी वळणार एवढ्यात एक मोटारसायकल आमच्या पदराला वारा लागेल इतकी जवळून गेली आणि त्यावरचा पोरगा ओरडला, "बघून, ओ आजी!"

तेच वाक्य. माणूस वेगळा, पण वाक्य तेच.

मी आक्काकडे बघितलं. तिचं तोंड लाल झालं होतं. हा चेहरा मला लहानपणापासून ठाऊक होता, याच चेहऱ्यानं तिनं त्या खोंडाची वेसण धरली होती. तिनं सूप डाव्या कमरेवर घेतलं, एक पाऊल खाली रस्त्यावर टाकलं आणि उजवा हात वर केला. मोडून जुळलेला, अजून थोडा वाकडा असलेला तो हात.

रिक्षा थांबली. थांबणारच होती! आक्काला नाक्यावर कुणी ओळखत कुठं होतं? इतक्या दिवसांत ती रस्त्यावर आलीच नव्हती. त्यांच्या लेखी ती नवंकोरं गिऱ्हाईक.

"कुठं आजी?"

"माझ्या जावंच्या घरी."

"बसा."

"मी बसत न्हाई. ही गौर हाय. गौर रिक्षात बसत न्हाई, चालत येती. तू हितंच थांब. जरा आडवी लाव."

त्यानं आधी सुपाकडे बघितलं, मग आक्काच्या तोंडाकडे. देवीचा धाक जास्त की आक्काचा, मला माहीत नाही, पण त्यानं हँडल वळवलं आणि रिक्षा खरोखर आडवी लावली. एकाला सवारी मिळतेय म्हटल्यावर दुसराही शेजारी येऊन थांबला, उरलेली आपल्याला मिळेल म्हणून. झालं, अर्धा रस्ता बंद. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. तशी आमच्या सुनेनं थाळीवर उलथनं हाणलं. हॉर्न वाजला की थाळी वाजायची, हॉर्न थकला तरी थाळी वाजायची. गॅलऱ्यांत लोक आले. मी म्हणाले, "आक्का, चल लवकर." ती म्हणाली, "गौरीला पळवत न्हेत न्हाईत," आणि नव्या नवरीसारखी एकेका पट्ट्यावर पाऊल टाकत निघाली.

दुभाजकापाशी तिनं श्वास घेतला. पलीकडचा रस्ता बाकी होता. तिनं पुन्हा हात वर केला. या वेळी रिक्षा नव्हती, भली मोठी पांढरी गाडी होती. ती थांबली, पण पुढची चाकं पट्ट्यांवर ठेवून. आतल्या माणसानं काच खाली केली आणि म्हणाला, "जा ना आजी, जागा आहे की."

आक्का बॉनेटसमोर जाऊन उभी राहिली. "मला जागा हाय. गौरीला न्हाई. मागं घे."

"अहो, मागं गाड्या आहेत..."

"मग त्यांनाबी सांग मागं घ्यायला."

मी मनात देवाचा धावा केला. थाळी थांबली होती. त्या माणसानं आरशात बघितलं, मागे हात केला, मागचाही सरकला आणि ती पांढरी गाडी हळूहळू पट्ट्यांवरून मागे गेली. पट्टे मोकळे झाले. आक्का तिच्या समोरून गेली, आणि जाता जाता काचेत वाकून, अगदी मायेनं म्हणाली, "बघून चालवायचं रं, बाळा."

गॅलरीतून कुणीतरी शिट्टी मारली. मला हसू आणि रडू एकदमच आलं आणि मी दोन्ही केलं, भर रस्त्यात, सूप धरून. मागे वळून बघितलं तर आक्कानं थांबवलेला तो रिक्षावाला अजून आडवाच उभा होता आणि मागच्याला सांगत होता, "थांब रे, गौरी चाललीय."

बिल्डिंगमध्ये शिरल्यावर मी माझं सूप सुनेच्या हातात दिलं आणि पुढं पळाले, कारण घरच्या बाईनं उंबऱ्याच्या आत उभं राहून विचारायचं असतं. मालक दारातच होते, आक्काला जिन्यातून येताना बघून त्यांच्या हातातला नारळच खाली पडला. मी भाकरतुकडा ओवाळला, आक्काच्या पायांवर पाणी घातलं. तिच्या तळव्यांना रस्त्याची काळी धूळ होती. मी रीतीप्रमाणे मोठ्यानं विचारलं,

"गौर आली?"

"आली."

"कशाच्या पावली आली?"

सोन्याच्या पावली, असं म्हणायचं असतं. आक्काला ते माहीत नव्हतं थोडंच? तिनं धाप टाकली, ज्येष्ठेचा मुखवटा छातीशी धरला आणि सबंध जिना ऐकेल एवढ्या आवाजात म्हणाली,

"झेब्र्याच्या पावली आली!"

आणि मला बाजूला सारून ती थेट स्वयंपाकघरात गेली. झाकण उघडल्याचा आवाज आला. "मीठ घातलंस का गं?"