मामांची रविवारची कानपरीक्षा

शिरूर आणि दौंड हे दोन तालुके मिळून कान असलेला माणूस एकच, बाकीच्यांना नुसत्या पाळ्या आहेत, असं ज्याचं ठाम मत आहे तो माणूस माझ्या थोरल्या आत्याचा नवरा आहे. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून मीही त्यांना मामाच म्हणते. वडगाव रासाईला भीमेच्या काठी त्यांचं घर आहे. सणसवाडीच्या एका कंपनीत, पत्र्याला दणके घालून आकार देणाऱ्या प्रेसवर त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली आणि नोकरी संपली त्याच आठवड्यात घरातली खताची खोली रिकामी करून तिथे स्टुडिओ उघडला. भिंतींना आत्याच्या लग्नातल्या गोधड्या, कोपऱ्यांत चिंध्या भरलेली कांद्याची पोती, मधे पेटी, ढोलकी, टाळ, एक कीबोर्ड आणि पुतण्याने टाकून दिलेला कॉम्प्युटर! युरियाचा वास अजून जात नाही. पण मामा म्हणतात, त्या वासाने गायकाचा घसा मोकळा होतो, आणि खरोखरच तिथे गाणारा प्रत्येक जण पहिल्या पाच मिनिटांत मनसोक्त खोकतो.

या खोलीतून काय काय बाहेर पडलं आहे! बारशाचे पाळणे, नवरा-नवरीची नावं गुंफलेल्या मंगलाष्टका, वाढदिवसाचे पोवाडे, एका बैलाच्या निरोपाचं गाणंसुद्धा. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत दोन्ही पॅनेलनी मामांकडेच प्रचाराची गाणी सांगितली. मामांनी दोघांना एकच चाल दिली, एकात हलगी घातली, दुसऱ्यात कीबोर्ड. दोन्ही टेम्पो चौकात समोरासमोर आले आणि गाणी अशी काही एकमेकांत मिसळली की अर्ध्या गावाला वाटलं, युती झाली. दोन्ही उमेदवार तावातावाने घरी आले, तर मामा शांतपणे म्हणाले, "चाल येकच हाय, कारन तुमची आश्वासनं बी येकच हायती." आमच्या चळवळीसाठी निवडणुकीवर मी आजवर जेवढी पत्रकं लिहिली, त्यांतल्या एकालाही हे वाक्य साधलं नाही.

जगातली प्रत्येक गोष्ट मामा हर्ट्झमध्ये मोजतात. आवाज किती बारीक किंवा किती जाड, त्याचं ते माप. म्हैस ओरडली की "दीडशे", शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की "शंभर, पट्टा सैल हाय", आणि सरपंच भाषणाला उभे राहिले की "दोनशेच्या वर ह्यो बाबा जातच न्हाई, म्हणून ह्याची फाइल बी वर जात न्हाई." एकदा मी त्यांना माझ्या फोनवर एक गाणं ऐकवायला गेले, तर त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. "पोरी, डबड्यातनं गानं ऐकू नये. डबड्यात चटनी ठेवावी."

पण या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांची रविवारची परीक्षा. संगीत करणाऱ्या माणसाने दर आठवड्याला आपले कान तपासले पाहिजेत, हा मामांचा नियम. त्यासाठी त्यांनी स्वतःच एक परीक्षा रेकॉर्ड केली होती. सकाळी अकराला गिरणीवाल्याला गिरणी बंद करायला लावायची, पंखा बंद, मोटर बंद, शेजारच्या शेळीपुढे पाला, आत्याने फोडणी टाकायची नाही. मग मामा मांडी घालून, डोळे मिटून एका स्पीकरसमोर बसत. एकाच, कारण "दोन लावलं की कॉपी व्हती." स्पीकरमधून त्यांचाच भारदस्त आवाज येई, "आता हजार." मग एक शिट्टीसारखा सूर. मामा हात वर करत. "आता दोन हजार." हात वर. चार हजार, आठ हजार, सूर बारीक बारीक होत सुईच्या टोकासारखा व्हायचा, आणि बारा हजारांपर्यंत मामांचा हात वर जायचाच! मग ते उठून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारी "पास" असं लिहीत. कित्येक वर्षं एकही रविवार नापास नाही. मी एकदा म्हटलं, "मामा, परीक्षा घेणारे तुम्ही, देणारे तुम्ही, आणि पेपरही आधी फुटलेला! आपल्या धुराचं सर्टिफिकेट कारखान्यानं आपणच लिहावं, तसं झालं हे." मामा म्हणाले, "कारखाना लबाड आसतो. मी हाय का लबाड?" ते लबाड नव्हते. दोन तालुक्यांत इतका सरळ माणूस मी पाहिलेला नाही, आणि गोची तिथेच होती.

कारण बाकीचे सहा दिवस वेगळंच काही सांगत होते. मामांना ताप आला तेव्हा थर्मामीटर 'टीं टीं' करून कधीच गप्प झाला होता, तरी ते काखेत धरून अर्धा तास बसले आणि शेवटी "सेल संपलाय याचा" म्हणून त्यांनी तो फेकून दिला. आजकालची माणसं तोंड उघडून बोलत नाहीत, ही त्यांची रोजची तक्रार. आणि त्यांची गाणी वर्षागणिक टोचायला लागली होती. टाळ असा चिरत यायचा की दात शिवशिवायचे. कवठे येमाईला एका बारशात त्यांचा पाळणा लावला, तर झोपलेलं बाळ किंकाळी फोडून उठलं आणि मांडवाखालचं कुत्रं गाव सोडून गेलं. बाळाचे आजोबा फोनवर म्हणाले, "आवं, जरा मऊ करा की." मामांचं उत्तर तयार होतं, "बाळाचं कान आजून नवं हायती. सवय व्हईल."

मी त्या रविवारी आमच्या पथनाट्याचं गाणं रेकॉर्ड करायला गेले होते. अंगात नुसता उत्साह! गाणं कारखान्यांतल्या आवाजावरच होतं. अकरा वाजले, गिरणी थांबली, शेळी गप्प झाली. आत्या दारात गवार निवडत बसली, मी पोत्यावर. "आता हजार." सूर आला, हात वर. "आता दोन हजार." हात वर. चार हजारालाही वर. पण स्पीकरमधला मामांचा आवाज जरा गोधडीआडून आल्यासारखा वाटत होता. "आता आठ हजार," स्पीकर म्हणाला, आणि पुढे काहीच आलं नाही. पूर्ण शांतता. मी कान टवकारले. आत्याचा हात शेंगेवर थांबला. आणि मामांनी, डोळे मिटून, चेहऱ्यावर समाधान घेऊन, हात वर केला.

"आता दहा हजार." शांतता. हात वर. "आता बारा हजार." शांतता. हात वर, आणि वर एक दाद, "व्वा!"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मामा कॅलेंडरकडे निघाले तेवढ्यात मी स्पीकरच्या मागे वाकले. त्या खोक्यात दोन स्पीकर असतात, जाड आवाजाचा मोठा आणि बारीक आवाजाचा छोटा. छोट्याकडे जाणारी वायर उंदराने कुरतडून दोन तुकडे केली होती.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. खरं ते चौकात, मोठ्याने आणि लगेच बोलायचं, एवढंच मला शिकवलेलं आहे. मी बोलून मोकळी झाले. "मामा, वायर तुटलीय. शेवटचे तीन सूर वाजलेच नाहीत."

मामांच्या हातातलं पेन कॅलेंडरवर टेकलेलं राहिलं. 'पा' लिहून झाला होता.

"वाजलं की."

"न्हाई वाजलं," आत्या दारातून म्हणाली. "मी बी हितंच हाय."

"मग मला ऐकू आलं ते काय व्हतं?"

मामांनी पेन खाली ठेवलं, कातर घेतली, वायर सोलून जोडली आणि आयुष्यात कधी माउसला हात न लावलेल्या आत्याला कॉम्प्युटरसमोर बसवलं. "आता तू लाव. बोलनं काढून टाकलंय. कंचा बी लाव, कवा बी लाव. मी भिताडाकडं तोंड करून बसतो."

आत्याने माउस लाटण्यासारखा दोन्ही हातांनी धरला. पहिल्या झटक्यात तिने निवडणुकीचं गाणं लावलं, दुसऱ्यात बैलाच्या निरोपाचं. मग मी सूर दाखवले आणि तिला ते जमलं. हजाराला मामांचा हात गेला. दोन हजाराला जरा उशिराने गेला. चार हजाराचा सूर खोलीत कर्कश घुमत होता, मला दात आवळावे लागत होते, आणि मामा भिंतीकडे तोंड करून तसेच.

"लावला का?"

"लावला की."

"कवा?"

"चालूच हाय, आवं."

पुन्हा गिरणी सुरू झाली तेव्हाच मामा उठले आणि त्यांनी स्टुडिओला कुलूप लावलं.

तीन आठवडे ते कुलूप निघालं नाही. आलेली कामं मामा हात जोडून परत पाठवत होते. पेटी नाही, ढोलकी नाही, म्हैस ओरडली तरी आकडा नाही! मोठ्याने चुका सांगणाऱ्या मला पहिल्यांदा वाटलं, मी एखाद्या माणसाचं घर पाडून आले आहे. शेवटी आत्यानेच त्यांना उठवलं आणि आम्ही तिघं दौंडला कानांच्या दवाखान्यात गेलो.

तिथे तपासणीची एक बंद खोली होती. आत बाहेरचा कणभर आवाज येत नाही. मामा आत शिरले, त्यांनी एक टाळी वाजवली आणि तीन आठवड्यांनी त्यांच्या तोंडावर प्रकाश पडला. तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, "मामा, सूर ऐकू आला की बटण दाबा." मामा म्हणाले, "ते दाबतो. पर ताई, ह्या भिताडांच्या आत काय भरलंय? आन् रविवारी खोली मोकळी आसती का?" तपासणी झाली, ताईंनी कागद पुढे ठेवला. डावीकडून सरळ चालत आलेली रेघ मधेच उताराला लागून खाली गेली होती. मामांनी कागद वर-खाली धरून पाहिला. "ही तर ईक्यूची लाइन! कॉम्प्युटरवर आवाज कमी-जास्त करायला मी हीच वढतो. वरचा सगळा आवाज कट केलाय. कुनी केला ह्यो कट?"

"कुठे होता कामाला?" ताईंनी विचारलं.

"प्रेसवर. अठ्ठावीस वर्सं."

ताईंनी मान हलवली. माझं डोकं फुटायची वेळ आली! या माणसाच्या कानांवर दिवसभर दणके पडत होते आणि कुणी त्याला कानात घालायला दोन बोंडं दिली नव्हती. "मी उशीतला कापूस घालायचो," मामा म्हणाले, "पर सुपरवायझरची हाक ऐकू येईना, म्हणून त्यानं काढायला लावला." एवढं ते सहज म्हणाले, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट.

त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. जळजळीत! मामांचं नाव पहिल्याच ओळीत. दुसऱ्या दिवशी त्यांना वाचून दाखवलं, चांगलं मोठ्याने. ते म्हणाले, "झ्याक लिवलंस. पर माझं नाव काढ."

"का? तुम्ही काय गुन्हा केलाय?"

"न्हाई गं. पर बहिऱ्या मानसाकडं गानं कोन दील?"

मी भांडायला तोंड उघडलं होतं. पण आत्या चुलीपुढून, भाकरी थापता थापता म्हणाली, "राहू दे नाव. खाली लिव्ह, मिक्सिंगला बायको बसती म्हनून."

मामा उठून कुलपाची किल्ली शोधायला लागले. ती सापडायला तासभर लागला, पण पत्रक छापून सणसवाडीच्या कंपन्यांच्या गेटवर गेलं आणि त्यात मामांचं नावही होतं, आत्याचंही.

आता मामांच्या दोन्ही कानांत मशीन असतं. बोलणं त्याने छान कळतं, पण पेटी त्यातून पत्र्याची वाजते, म्हणून गाण्याच्या वेळी ते काढून ठेवतात. मग आवाजाची सरळ वाटणी आहे. तीन हजारांच्या खालचं मामांचं, वरचं आत्याचं. तिला हर्ट्झ कळत नाहीत आणि कळून घ्यायचेही नाहीत. ती म्हणते, "टाळ करपलाय," की मामा कॉम्प्युटरवरची एक कळ खाली ओढतात. ती म्हणते, "आळणी झालं," की ती कळ दोन घरं वर. सुरुवातीला ते वाद घालायचे. "करपलाय म्हंजी? कंच्या बाजूनं?" आता घालत नाहीत. गाणी मऊ झाली आहेत. नदीपलीकडून, दौंडच्या बाजूनेही, पुन्हा माणसं यायला लागली आहेत.

परवा मी गेले तेव्हा एका नवरीच्या काकूने गायलेलं हळदीचं गाणं चाललं होतं. दोघं शेजारी बसले होते. आत्याचं बोट हळूहळू वर जात होतं आणि मामा तिच्या बोटाबरोबर कळ सरकवत होते. मग बोट थांबलं.

"बास. आता बरोबर हाय."

"काय बरोबर हाय?" मामांनी विचारलं.

आत्या म्हणाली, "दोन ओळींच्या मधी ती बाई दम घेती ना, त्यो ऐकू यायला लागला."

मामांनी ती जागा परत लावली. पुढे झुकून, मान कलती करून ऐकली. आणखी एकदा लावली.

"घेती का?"

"घेती की."

"लांब घेती का आखूड?"

"लांब. आन् थोडा थरथरता. लेक चाललीय ना सासरी."

मामांनी मान डोलावली आणि कळ होती तिथेच राहू दिली.